गाठी

सकाळी साडेपाचला बर्फघराचं दार उघडते मी,
आधी पाणी बघते, मग आभाळ.
ओहोटी आज इतकी खोल
की लहान होड्या चिखलात कुशीवर पहुडल्यात,
पोटावरच्या शेवाळाची लाज न बाळगता.

सातला फिनबार परततो. खेकड्यांचे क्रेट वर चढतात,
तो डाव्या हाताने वहीत वजन लिहितो,
ओली अक्षरं मनगटाने पुसत पुसत.
भाव स्पेनमध्ये ठरतो,
इथे फक्त तोललं जातं.

नऊची फेरी बेटाकडे निघते:
दोन मेंढ्या, पोस्टाची पिशवी, एक वॉशिंग मशीन,
आणि त्या मशीनच्या पाठीवर हात ठेवून मिसेस हेगर्टी,
जसं लाजऱ्या पाहुण्याला घरी नेतात.
टीर्नन दिवसभर पायरीवर बसून
डुकराच्या चरबीच्या तुकड्याने चिंबोऱ्या धरतो,
बादली भरली की मोजतो
आणि सगळ्यांना परत पाण्यात सोडतो.
उद्या त्याच येतात, तो शपथेवर सांगतो.

आणि भिंतीच्या टोकाला 'कॉन्सेप्टा'.
लोर्कनने आईचं नाव दिलं होतं तिला;
आईने आयुष्यात होडीत पाय ठेवला नाही.
तिची नाळ भिंतीकडे, तोंड फिरवून बसल्यासारखी.
त्याचं आणि फिनबारचं भांडण
चाळीस पिंजऱ्यांवरून, एकोणीस वर्षांपूर्वीचं.
तेव्हापासून एक भरतीआधी निघतो, एक भरतीनंतर.
एवढ्याशा बंदरात
गाठ पडू न देणं हेही कष्टाचंच काम.

ऑक्टोबरात लोर्कन कॉर्कच्या इस्पितळात,
खुब्याचं हाड बदलायला.
आणि नेमकं अमावास्येच्या उधाणाला
नैर्ऋत्येचं वादळ जुळून आलं.
रेडिओ सांगत होता, घरातच राहा.
कुणी कुणाला फोन केला नाही.

मध्यरात्री मी दोर घेऊन गेले, एवढं मला ठाऊक.
पाणी धक्क्यावरून वाहत होतं, माझे बूट भरले,
टॉर्च गेला.
अंधारात मी काय कशाला बांधलं, देव जाणे.

सकाळी 'कॉन्सेप्टा' होती तिथेच,
रंग खरवडलेला, पण तरंगत.
तिला अकरा दोर.
एक डिम्फनाच्या अंगणातला, कपडे वाळवायचा,
चिमटा अजून अडकलेला.
एक मास्तरांचा, पुस्तकातली आकृती जशीच्या तशी.
फादर कोल्मनची गाठ बुटाच्या नाडीसारखी,
बाकीचा हवाला देवावर.
आणि मागच्या कडीला एक, जाड, डांबरलेला,
त्याचे वेढे उलटे फिरलेले.
आम्ही सगळ्यांनी तो पाहिला,
आणि हवेबद्दल बोललो.

लोर्कन आला डिसेंबरात, काठी टेकत.
अख्खी ओहोटी लागली त्याला दोर सोडवायला.
प्रत्येकाची नीट गुंडाळी केली,
ज्याच्या त्याच्या दारात ठेवली, चिमट्यासकट.
उलट्या वेढ्यांच्या गाठीपाशी थांबला,
अंगठ्याने चाचपून पाहिली,
काठी बदलून दुसऱ्या हातात घेतली
आणि निघून आला.
ती तिथेच आहे अजून. भरतीला ताणते, ओहोटीला सैलावते.

मग तो माझ्या दाराशी आला.
हातात एक दोर, एका टोकाला शेवाळ धरलेला,
रात्रीतच कधीतरी सुटलेला,
नुसताच पाण्यात लोंबत राहिलेला.
"हा कुणाचा गं?"
मी बर्फ फावड्याने ओढत राहिले.
"काय माहीत," म्हणाले.
त्याने तो खुंटीला अडकवला,
माझ्या रेनकोटशेजारी.