झाड दोनदा लिहायचं

विमानातून फोटो काढणाऱ्यांनी
या रानाला वाघाचं नाव दिलं.
नायजरच्या या जांभ्याच्या पठारावर
वाघ कुणाच्या खापरपणज्यानंही पाहिलेला नाही.
बिबाता म्हणाली, वाघ कसला,
ही तर माझ्या भाचीची वेणीफणी:
केसांची एक ओळ, मग भांग,
पुन्हा ओळ, पुन्हा भांग,
सगळं उताराला आडवं.

मी नियामेहून आलेले,
वहीत दोन समीकरणं घेऊन.
एक पाण्याचं, एक झाडांचं.
पाऊस पडतो, थोडा उडून जातो,
थोडा उतारावरून पळतो,
उरलेला झाडं पितात.
पिण्याच्या जागी मात्र
पाणी एकदा लिहायचं आणि झाड दोनदा,
पाणी गुणिले झाड गुणिले झाड,
कारण एकट्या झाडाला ही जमीन दाद देत नाही.
दोघं मिळून ती पोखरतात,
वाळवी येते, भोकं पडतात,
मग कुठे ती घोटभर आत घेते.
जिथे कुणीच नाही तिथे कवच धरतं,
तव्यावरून घसरावं तसं पाणी घसरतं
आणि खालच्या ओळीच्या उंबऱ्यावर जाऊन थांबतं.
भांगाचा उपास, ओळीचं जेवण.

एवढंच घातलं होतं लॅपटॉपात.
सुरुवातीला नुसता मूठभर वाळू फेकल्यासारखा पसारा.
रात्रभर पंखा घरघरला.
पहाटे पट्टे होते,
आणि पट्टे चालत होते,
चढाकडे,
वर्षाला तीस सेंटीमीटर.

बिबाता मोळी बांधत होती.
तिला सांगितलं तर मान वर न करता म्हणाली,
"वरून जन्मतं, खालून मरतं.
म्हणून तर मी खालून तोडते.
तुला किती रात्री लागल्या?"

एक.
त्याआधी सहा वर्षं.

मग तिनं हामाची कबर दाखवली.
भावाला सावलीत पुरलं होतं, वीस वर्षांमागे,
किंकेलिबाच्या झुडपाखाली.
सावली त्याच्यावरून उठून वर निघून गेली.
सहा मीटर.
आता तो भांगात:
दगडांची रांग, ऊन, एक सरडा.
"खालची ओळ कधी पोचेल इथे?"
मी टेप धरली, दुसरं टोक ड्रायव्हर सुमानानं.
एकोणचाळीस मीटर, भागिले तीस सेंटीमीटर.
"एकशेतीस वर्षं."
ती खो खो हसली.
"जिवंतपणी कुठे दोन घटका टेकला नाही.
बसू दे आता वाट बघत."

तिला सांगितलं नाही ते असं:
पाऊस थोडा कमी धरला की भांग रुंदावतात,
अजून कमी, ओळी तुटून ठिपके होतात,
मग एका आकड्याशी (तो मला पाठ आहे)
ठिपकेही जातात.
आकडा परत वाढवला तरी पडदा कोरा.
जितक्या पावसाला गेलं तितक्याला येत नाही.

आणि मरणासाठी माझ्याकडे एकच अक्षर, म,
सगळीकडे सारखं.
शहरातून येणाऱ्या गाढवगाड्या
वरच्या कडेची कोवळी काठी नेतात,
बिबाता खालची वाळकी.
माझ्या म ला दोघांतला फरक कळत नाही.

पुढच्या सप्टेंबरात पुन्हा गेले.
कबरीच्या खालच्या अंगाला
वाळक्या फांद्यांची आडवी रास, गुडघाभर.
विकली असती तर अर्ध्या गाडीचे पैसे.
फांद्यांच्या पोटात वाळवीची ओली माती,
आणि राशीला अडून, दगडांभोवती,
चार विती गढूळ पाणी,
अजून न घसरलेलं.

दोनदा लिहिलेल्या झाडांपैकी
एक मेलेलं असलं तरी चालतं,
हे वहीत नव्हतं.

पाण्याच्या काठाला गवताची पाती.
मी मोजली, आठ.
बिबाता म्हणाली, नऊ.
मी पुन्हा वाकले.