अपूर्ण पत्ता

हल शहरात एका गल्लीचं नाव आहे
लँड ऑफ ग्रीन जिंजर. हिरव्या आल्याचा मुलूख.
का, ते इथल्या कुणाला धड सांगता येत नाही.
त्या गल्लीत, किल्ल्या बनवणाऱ्याच्या वर, आमचं ऑफिस,
आणि आमच्या यंत्रांच्या पोटात डिस्क नाही.
ती आहे हंबरपलीकडे, ग्रिम्स्बीला,
मासळीच्या एका जुन्या गोदामात.
रोज पहाटे चारला यंत्र उठतं, एक ओळ वाचतं,
ओळीत लिहिलेल्या दारावर जातं
आणि आपण कोण, ते तिथून मागून आणतं.

ओळ तशी साधीच. आधी बोली कुठली ते,
मग अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा,
नाव, परवलीचा शब्द, शेपूट गुंडाळलेला ए,
यजमान, परत अपूर्णविराम, बंदराचा आकडा,
आणि शेवटची रेघ ओलांडली की कपाट.

मंगळवारी यंत्र उठलं आणि तसंच बसून राहिलं.
ग्रिम्स्बी म्हणे, आमच्या दारावर कुणी आलंच नाही.

परवलीचा शब्द आदल्या दिवशी बदललेला,
त्याच्या मधोमध कुणी हौसेने
तसलाच एक शेपटीवाला ए घातलेला.
आमचा कोड पहिला ए दिसताच थांबला,
तिथेच कापलं त्याने,
आणि उरलेलं अर्धं गुपित
हे कुणा यजमानाचं नाव समजून
जो सर्व्हर भेटेल त्याला विचारत सुटला:
हे कुठे राहतात? हे कुठे राहतात हो?
नऊशे बारा वेळा.

कोड डेरिक थर्लबीचा, अठ्ठ्याण्णव सालचा.
वर त्याचीच टिप्पणी: हे चिन्ह पासवर्डात कोण घालणार?
तो आता विदर्नसीला लीकचे वाफे लावतो.
फोनवर म्हणाला, 'मी तर नव्हतं घातलं.'

वडील मिरजेला आर.एम.एस.मध्ये टपाल छाटायचे.
पत्ता खालून वर वाचायचा, म्हणायचे,
आधी पिन, मग जिल्हा, तालुका, मुक्काम पोस्ट,
माणसाचं नाव सर्वांत शेवटी, तेही पोस्टमनने.
मी फंक्शनच्या नावात एक आर वाढवला.
एवढ्याने ते शेवटाकडून शोधू लागतं.
यंत्र उठलं. टेबलावर मी एकटीच टाळी वाजवली.

पण झोप लागेना.
कारण वडिलांचा एक शिक्काही होता.
पत्ता दोन गावांचा वाटला की
ते अंदाज करत नसत.
अंदाज केलेलं पत्र, म्हणायचे,
चुकीच्या घरी उघडून वाचलं जातं.

नियमात लिहिलंय: असा ए आत हवाच असेल
तर त्याने टक्का चाळीस होऊन यावं.
म्हणून बुधवारी नवं लिहिलं.
आधी पुढच्या रेघेपर्यंत हद्द आखली,
मग पुढून एक बोट, मागून एक बोट,
दोन्ही एकाच ए-वर टेकली तर पुढे जा.
नाही टेकली, तर उणे एक. परत.
कुणाचंही नाव बाहेर न उच्चारता.

तपासायला वापरकर्त्याच्या जागी माझं नाव घातलं, देवनागरीत.
मृण्मयी. यंत्र त्यात सात खुणा मोजतं,
दर खुणेचे तीन बाइट,
दर बाइट टक्क्यानिशी लिहायला तीन अक्षरं.
त्रेसष्ट.
डेरिकने नावासाठी ठेवलेला खण चौसष्टचा.
एक घर उरलं, आणि सीमध्ये ते लागतंच,
शून्यासाठी, नाहीतर नाव संपलंय हे कळत नाही
आणि वाचणारा शेजाऱ्याच्या खणात शिरतो.

मी खण मोठा केला.
मृण्मयी मावली, पण कुणाची तरी मुलगी
आडनावासकट येईल की.

खाली किल्लीवाल्याचं यंत्र किरकिरू लागलं.
त्याला नमुना द्यावा लागतो. पत्ता तो विचारत नाही.