हातमोज्यांतल्या टाळ्या

राजाचा मुकुट मी केला होता,
कुतैसीच्या नाटकघरात, वीज नसलेल्या तिसऱ्या हिवाळ्यात,
मटणाच्या डब्याचा पत्रा कापून.
आतल्या अंगाला अजून रशियन अक्षरं होती:
वजन, तारीख, कारखाना.
बाहेरून सोनं.
चौथ्या रांगेतून तर बावनकशी.

वार्लामला दिसत नाही हे मला कळलं,
"आण पेपेला, मी ओवून देतो," म्हणत
त्याने सुई घेतली त्या दिवशी.
ओवली नाही. नुसता हसला.
मग मी गालिच्याखाली सुतळी ठोकली,
सिंहासनापाशी दोन गाठी, कडेला तीन.
झिजल्या बुटांतून तो तळव्यांनी वाचायचा.
जिन्याच्या पायऱ्या सात.
कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं;
ठरलं म्हणजे, दोघंही बोललो नाही.

तिसऱ्या प्रवेशात राजा म्हणतो,
"माझ्या नजरेतून काही सुटत नाही."
त्या वाक्याला मी दर वेळी
दातांनी दोरा तोडायचे.

एका रात्री मागचं दार वाऱ्याने उघडलं
आणि रॉकेलचे सगळे दिवे गेले.
मंत्री अडखळला. राणी जागच्या जागी.
अंधारात एक मूल रडू लागलं.
वार्लाम बोलत राहिला,
चालत राहिला, बसला, उठला,
मंत्र्याच्या खांद्यावर बरोबर हात ठेवला.
दुसऱ्या दिवशी पावाच्या रांगेत तोच विषय:
काय छातीचा माणूस!
काळोख पडलाय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
मी सांगितलं, रिओनीच्या पुलावर, घरी जाताना.
तो बराच वेळ पाणी ऐकत राहिला.
मग म्हणाला, "छान दिसलं असेल."

त्यानंतर पुलावर त्याने माझा हात धरला नाही.

त्बिलिसीहून नवा दिग्दर्शक आला, कोवळ्या दाढीचा.
त्याला राजा अजून उंचावर हवा होता.
सुताराने आठवी पायरी ठोकली.
"चालेल ना, बातोनो वार्लाम?"
वार्लामने जिन्याकडे तोंड केलं,
जिन्याच्या थोडं डावीकडे,
आणि म्हणाला, "दिसतेय की."
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
नंतर मी टाचण्या काढल्या.
तरी बोलले नाही.

तो उतरला. सात मोजल्या.
आठवीवरून त्याने पाऊल टाकलं
ते जमीन आपल्याच मालकीची असल्यासारखं.

मुकुट घरंगळत गेला पहिल्या रांगेपर्यंत,
उताणा थांबला.
गुडघ्यावर कांबळं घेतलेल्या म्हाताऱ्याने
वाकून बघितला, आतून,
आणि काही न बोलता पायाशी ठेवला.

वार्लाम उठला. कपाळातून रक्त,
माझ्या लाल रंगापेक्षा फिकं, पाणचट.
लवून नमस्कार केला त्याने,
मागच्या पडद्याला.
राजाने जगाकडे पाठ फिरवली!
लोक उभे राहिले.
मी विंगेत, दोन्ही डोळे शाबूत,
मोजत होते: एकोणचाळीस माणसं,
बाकी रिकाम्या खुर्च्या, काहींच्या पाठी
कुणीतरी शेगडीसाठी काढून नेलेल्या.

कापूस लावताना तो म्हणाला,
"टाळ्या आज मऊ का होत्या गं?"
"थंडी आहे. सगळ्यांनी हातमोजे घातलेत."
हे खरं होतं.
"आणि किती होते?"
मी कापूस बदलला.
"हाऊसफुल्ल," म्हणाले.