अखर्चित शिल्लक

माझ्या टेबलावर संशोधन येतं ते
दोन भोकं पाडून, हिरव्या टॅगमध्ये ओवलेलं.
बत्तीस वर्षांत मी एकही शोध लावला नाही,
पण या विद्यापीठातल्या पुष्कळ शोधांची व्हाउचरं
माझ्या अक्षरात आहेत.

खिडकीतून घुमट दिसतो, अर्धाच.
उरलेला अर्धा एसीच्या खोक्यानं झाकलाय,
जो कोणत्या हेडमधून घेतला ते विचारू नका.

मार्चच्या अठराव्या तारखेला रमिला राठवा आली.
चपलांना नदीकाठचा चिखल, ओठांवर दोन शब्द:
"बेन, अंडी घातली."
मी म्हटलं, "मंजुरी?"

विश्वामित्रीच्या मगरी. त्यांच्या घरट्यातली ऊब मोजायची,
एका अंशानं ठरतं म्हणे, नर की मादी.
पाच महिने हिची फेलोशिप आलेली नाही.
दुसरा हप्ता दिल्लीहून सुटत नाही
पहिल्याचं उपयोजन प्रमाणपत्र गेल्याशिवाय,
प्रमाणपत्र जात नाही पहिला संपल्याशिवाय,
आणि पहिल्यात उरलेत चोवीस हजार तीनशे
'प्रवास' या शीर्षाखाली.

मगर राहते काळा घोडा पुलापलीकडे.
विभागातून चालत अकरा मिनिटं.

वसावडा सर म्हणाले, चेन्नईला परिषद आहे, जाऊन ये.
ती म्हणाली, मी चेन्नईत असताना
इथे कोण कोण मुलगी होईल ते कसं कळणार?
सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

संध्याकाळी घरी दांडिया बाजारला न वळता
मी तिच्यामागून उतारानं गेले, डब्याची पिशवी घेऊन.
प्लास्टिक, निर्माल्य, कुणाची तरी फुटकी बादली,
आणि थोडी उकरलेली माती. बस एवढंच.
"इथे?"
"इथे. मागे बघू नका, ती पाण्यात आहे."
मी अर्थातच मागे बघितलं.

रात्री आठवलं ते जुनं परिपत्रक:
ठरावीक रकमेपर्यंत एका शीर्षातून दुसऱ्यात
कुलसचिवांच्या सहीनं वळवता येतं.
माझ्याच टेबलाच्या काचेखाली होतं,
मुलाच्या मुंजीच्या फोटोखाली, पिवळं पडून.
अठ्ठावीस तारखेला सही झाली.
तीस तारखेला सहा तापमापी यंत्रं आली, बिलासकट.
एकतीसला, दुपारी चारच्या चहाआधी, पैसे.

मग लेखा विभागाचे फणसे:
"साठा नोंदवहीत 'ठिकाण' रिकामं ठेवता येत नाही, मॅडम."
मी लिहिलं: नदीचा डावा काठ, करंजाच्या मुळाशी.
"आणि 'ताबा'? कुणाचा?"
त्या रकान्याशी मी पेन धरून बसले.
शेवटी लिहिलं: मगर (मादी), तात्पुरता.
फणशांनी ते दोनदा वाचलं आणि
आयुष्यात पहिल्यांदा शेरा न मारता पान उलटलं.

जूनमध्ये एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिनं हाक मारली.
आम्ही काठावर, लांब, श्वास धरून.
मातीच्या आतून आवाज येत होता,
दाराची कडी गंजली की येतो तसा, बारीक.
अंड्यातूनच बोलावतात, रमिला म्हणाली,
आई ऐकते आणि उकरते.
कुणाला अर्ज नाही. प्रत नाही.

ऑगस्टच्या पुरात सहापैकी चार यंत्रं वाहून गेली.
निर्लेखनाचा प्रस्ताव अजून फिरतोय,
पंचनामा जोडा, असं त्यावर लाल शाईत लिहिलंय.
फेलोशिप आली दसऱ्याला, सात महिन्यांची, आठ थकले असताना.
ती बी.एड.चा फॉर्म भरून छोटाउदेपूरला गेली होती,
परत आली. तसं म्हणाली तरी.

प्रमाणपत्रावर छापलेलं वाक्य असतं:
रक्कम ज्या कारणासाठी मंजूर झाली
त्याच कारणासाठी खर्च झाली आहे.
हजारदा त्याच्याखाली माझी लपेटदार सही आहे.
यंदा मी आधी वाक्य वाचलं.
मग शिल्लक लिहिली, सहाशे बारा रुपये,
दिल्लीला परत.