निम्म्या दरात

मार्चअखेर. धबधब्यांना पाणी नाही,
म्हणून खोलीचा दर साडेतीनशे.
पावसाळ्यात हीच नऊशेला जातीय ओ,
जांबोटीच्या लॉजवरचा पोरगा सांगतो,
वर अभिमानानं: गरम पाणी तेव्हाही नसतंय.

बेळगाव सोडताना आत्या म्हणाल्या होत्या,
पेट्रोल जाळून बघायचं काय, वाळलेलं रान?
तरी पुढच्या सीटवर बसल्या.
मांडीवर दशम्यांचा डबा, पायाशी कुंद्याचा बॉक्स,
कुणासाठी, ते सांगितलं नाही.

किणये मागं पडलं. कुसुंबाला तांबडी पालवी,
बाकी रान खाकी, हवालदाराच्या जुन्या पँटसारखं.
एका फांदीवरून शेकरूचं शेपूट लोंबत होतं,
कुणी वाळत घालून विसरलेला मफलर जसा.
आत्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला,
तोवर मफलर गेला.

लॉजचं रजिस्टर. नाव, गाव, येण्याचं कारण.
कारणाच्या रकान्यात सगळ्यांचं 'टूर',
एकाचंच 'भांडण'.
मीही टूर लिहिलं.
मग आत्यांनी पेन घेतलं
आणि भाकरी थापावी तशी
गोल गोल कानडी अक्षरं काढली.
मी चंदगडची. सतरा वर्षं या घरात,
अजून बस ओळखते ती ड्रायव्हरला विचारून.
पोरानं वाचलं: निंगव्वा.

रेशनकार्डावर त्या सुलोचना आहेत.
पितळेच्या डब्यांवर ठोकलेलं नावही सुलोचनाच.

दोघं बोलत राहिली काउंटरला टेकून.
तो बैलहोंगलचा,
या तिथल्याच कुठल्या काळ्या रानातल्या.
आत्या हसल्या.
घरात त्या पदर लावून हसतात.
इथं तोंड उघडून, पडलेला दात दिसेल अशा.
कुंद्याचा बॉक्स तिथंच फुटला.
मला चमचाभर मिळाला, पाहुणीला देतात तसा.

खोलीत बादलीला साखळी, मगाला साखळी.
आरशाला नव्हती, म्हणून आरशाचा फक्त खिळा.
पंखा पाचवर, नाहीतर बंद.
संडासाच्या टाकीत बेडूक:
पाणी सोडलं की आत कोणीतरी नाराज व्हायचं.
रात्री कौलांवर पावलं वाजली.
ऊदमांजर, आत्या झोपेतच म्हणाल्या. मराठीत.

पहाटे कणकुंबीच्या रस्त्याला
एका वळणावर रस्ताच संपला.
गवा.
एकटा. डांबरावर आडवा,
पायात पांढरे मोजे, वरचं सगळं अंधार.
माझा हात गिअरवर, आणि गिअर कुठला ते आठवेना.
दिवा मालवला. वाईट वाटलं, मग तो दिसेना म्हणून.
नुसता श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा.
आत्यांनी काच खाली केली, चार बोटं.
आवाज चढवला नाही,
सकाळी दारात आलेल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या:
होग तम्मा, मनीगि होग.

तो लगेच गेला असं मी म्हणणार नाही.
आणखी आठ-दहा मिनिटं उभाच होता.
शेण टाकलं. कान झाडला.
मग उजाडता उजाडता, स्वतःला वाटलं तेव्हा,
कारवीत शिरला, आणि एवढं धूड असून
काटकी मोडल्याचा आवाज नाही.

काय म्हणालात त्याला?
काही नाही गं. धाकटा भाऊ शाळा चुकवून
गोठ्यात लपून बसायचा, त्याला म्हणायची ते.
कुठं असतात ते आता?
आत्यांनी काच वर केली.

दुसरी रात्र लोंढ्याला. तीनशे रुपये,
मालगाडी गेली की गादीसकट हलणारी खोली.
इथंही रजिस्टर. म्हटलं,
माझं पण तुम्हीच लिहा, तुमच्यातलं.
त्यांनी माझ्याकडं बघितलं, पेन झटकलं, लिहिलं.

माझं नाव चार अक्षरी.
त्यांनी तीनच काढली.
मी विचारलं नाही.