रिकामे क्रेट

दर तिमाहीच्या शेवटच्या शनिवारी ऑडवार
मेलचा डेटाबेस खाली उतरवायचा,
घड्याळजी चाकं सुटी करून फडक्यावर मांडतो तसा.
नऊ तास. कॉफीचे दोन थर्मास.
पडद्यावर टिंबांची रांग मुंगीच्या पावलानं.
खिडकीबाहेर ओलेसुंदचा धक्का, मासळीचा वास, गारठा.

मी नवी होते. विचारलं, हे कशासाठी?
म्हणाला, घर झाडायला कारण लागतं?

एक्याऐंशी गिगाबाइट आत गेले, बासष्ट बाहेर आले.
त्यानं आकडा वहीत टिपला.
मागच्या खेपेलाही बासष्टच होता,
त्यामागे त्रेसष्ट.
मी पानं उलटत गेले. सात वर्षं हा माणूस
एकच कोट शिंप्याकडून आखूड करून आणतोय
आणि कोट पुन्हा आपल्या मापाला येतोय.

म्हटलं, पुसलेल्या पत्रांची जागा वाया जात नाही हो,
रात्री दोनला सर्व्हर स्वतःच फेरी मारतो,
रिकामी पानं नव्या पत्रांना देतो.
"ठाऊक आहे," तो म्हणाला,
"पण फाईल केवढी दिसते!"

मार्चातल्या त्या शनिवारी त्रेचाळीस टक्क्यांवर असताना
समुद्रातून गुन्लाइव्हचं पत्र निघालं:
अकरा टन कॉड, बर्फ संपत आलाय, भाव कळवा.
पत्र दाराशी थांबलं. पाव पाव तासानं
कडी वाजवत राहिलं.
त्यानं बोट क्रिस्टियनसुंदला वळवली.

सोमवारी कुणी आवाज चढवला नाही.
मालकीणबाई बोर्गहिल्ड एवढंच म्हणाल्या,
वाचली किती जागा?
एकोणीस गिगाबाइट.
आणि तेवढी डिस्क केवढ्याला पडते?
मी सांगितलं.
एका क्रेटभर कॉडपेक्षा स्वस्त.

ऑडवार खिडकीशी गेला.
खाली धुतलेले क्रेट छपरापर्यंत रचलेले, रिकामे.
ते रिकामे आहेत म्हणून
गोदामाची भिंत आत सरकवा,
असं कुणी कधी म्हणालं नव्हतं.

पुढे मोल्डेची कचेरी बंद झाली, निम्मी खाती गेली.
तेव्हा खरंच भगदाड पडलं होतं.
तरी आम्ही नवा डेटाबेस मांडला,
उरलेली खाती एकेक करून तिकडे नेली
आणि जुना टाकून दिला.
कुणाच्या पत्राला उंबऱ्यावर उभं राहावं लागलं नाही.

ऑडवार अजून येतो त्या शनिवारी. थर्मास आता एकच.
बाजूच्या यंत्रावर बॅकअप उघडून
एखादं जुनं पत्र परत येतं का बघतो.
परवा आलं:
अकरा टन कॉड, बर्फ संपत आलाय.
बराच वेळ वाचत बसला.
मग वहीत, आकड्यांच्या रकान्यात,
लिहिलं: मिळालं.