लेंढार

साल्तोमध्ये जुलैत नदीवरचं धुकं
संत्र्यांच्या बागांत शिरतं, कुणाला न विचारता,
आणि मी सायकलला पिशवी अडकवून
घरोघर संगणक दुरुस्त करत फिरतो.
हत्यारं म्हणजे काय, एक स्क्रू-ड्रायव्हर, दोन सीडी
आणि पदरचा धीर.

दोन्या एउफेमिया बिदेगाइन यांच्याकडे पोचलो
तेव्हा पडदा उरला होता चार बोटं.
वर पट्ट्याच पट्ट्या:
शोधाची, कुपनांची, राशिभविष्याची,
हसऱ्या तोंडांची, आणि एक नुसतीच, कशाचीच नसलेली.
खालच्या फटीतून त्या
विगोला गेलेल्या मुलाचं पत्र वाचत होत्या,
एकेक ओळ वर ओढत,
दाराखालून सरकवलेली चिठ्ठी वाचावी तशा.

"हे सगळे कधी आले?"
"अपडेटबरोबर. दर वेळी एक नवा येतो."
"आणि तुम्ही हो म्हणता?"
"विचारतात ना अदबीनं.
शिवाय खूण आधीच केलेली असते."

एकतीस वर्षं त्या नोटरीच्या कचेरीत टंकलेखक होत्या.
दुसऱ्यांनी ठरवलेल्या मजकुराखाली
सही कुठे करायची, तिथे पेन्सिलीनं
बारीकशी फुली मारून द्यायच्या.
त्या चौकोनातली फुली त्यांना
आपल्याच हातची वाटली असणार.

मी कामाला लागलो.
काढायला गेलं की प्रत्येकाची रडकथा:
खरंच जाऊ म्हणता? आमचं काय चुकलं?
निदान कारण तरी सांगा. खाली दहा कारणं,
त्यांत 'तुला बोलावलं कुणी होतं' हे नाही.
एक गेला तो धाकटा भाऊ मागे ठेवून.
एकानं जाताजाता मुखपृष्ठच बदललं,
भाडेकरूनं निघताना कुलूप बदलावं तसं.
बांडगूळ खुडावं तर फांदीच हातात येते की काय,
अशी भीती.

तीन तास गेले. मध्ये माते, तो कडू काढा,
एकाच नळीनं, आळीपाळीनं.
अकरा काढले.
पडदा लख्ख मोकळा झाला,
पत्र पुरतं दिसलं, 'तुझा आनिबाल'पर्यंत.
फटीतून आठवडाभर पुरलेलं पत्र
सहा ओळींचं निघालं.
त्या काही बोलल्या नाहीत.
पैसे मोजून दिले, वर दोन संत्री.

दुसऱ्या दिवशी फोन.
"माझं हवामान कुठंय?"
कोपऱ्यातला तो, ढगाचं चित्र असलेला,
कुणास ठाऊक का, इर्कुत्स्कचं तापमान सांगायचा.
"जानेवारीत इथे भाजून निघते मी
तेव्हा तिथे उणे अठ्ठावीस. मी मनातल्या मनात
कोट चढवायचे.
काल तिथे पाऊस होता. आज थांबला का, कळेना."

मी म्हणालो, दोन्या, तो चोर होता.
तुम्ही काय शोधता, काय बघता,
सगळं कुणाला तरी जाऊन सांगायचा.

"मी शोधते काय? गुडघ्याचं मलम,
आणि विगोच्या त्या रस्त्याचा नकाशा.
त्याला एवढं तरी माहीत होतं.
आनिबालला तेवढंही नाही."

पुन्हा सायकल, पुन्हा धुकं.
तो सापडला, पण एकटा येईना.
पायरी एक: खूण काढली.
पायरी दोन: दोन खुणा काढल्या.
पायरी तीनला करड्यावर करड्या अक्षरांत काहीतरी होतं;
मला दिसलं नाही, असं मी बायकोला सांगितलं.

इर्कुत्स्क: अठरा, ऊन.
दोन्या खुर्ची ओढून बसल्या.
मग ढगामागून हळूच
एक मासे पकडायचा खेळ डोकावला,
गळ हलवत.

"हा कोण?"
"सोबत आलाय," मी म्हणालो. "काढू?"

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला.
"थंडीतनं आलाय," म्हणाल्या, "आज राहू दे."